जाड बॅरल, अक्रोडाचा स्टॉक आणि नोटेएवढी फट : एका रायफलचं प्रकरण

पार्श्वभूमी

ह्यूस्टनला आमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, मूळ कोल्हापूर भागातलं. घरातल्या गृहस्थांना इथे मी अप्पा म्हणतो, खरं नाव वेगळं आहे आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टीही बदलल्यात, पण मापं, कामाचा क्रम आणि झालेल्या चुका जशाच्या तशा लिहितोय कारण त्याच तर सांगायच्या आहेत. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेली होती आणि अप्पा जागे होते. आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचं पोरगं ऑलिंपिकचं पदक घेतंय हे बघून त्यांनी मला रात्री तीननंतर फोन केला. कॉलेजात एनसीसीला असताना त्यांनी पॉइंट टू टू रायफल चालवली होती, त्यानंतर तीसेक वर्षं काही नाही. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी इथल्या रेंजची मेंबरशिप घेतली आणि एक वापरलेली रुगर १०/२२, म्हणजे तीही पॉइंट टू टूच, विकत आणली.

ही रायफल १९६४ पासून बनतेय आणि इथे घरोघरी दिसते. तिची एक खासियत या सगळ्या प्रकरणात महत्त्वाची आहे म्हणून आधीच सांगतो. बहुतेक रायफलींमध्ये बॅरल म्हणजे नळी आट्यांवर फिरवून रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट आणि ट्रिगर असलेल्या मधल्या भागात, घट्ट बसवतात, हिच्यात ती नुसती सरकवून आत घालायची आणि खालून व्ही-ब्लॉक नावाचा एक ठोकळा दोन स्क्रूंनी तिला मागे ओढून धरतो. रिसीव्हर ॲल्युमिनियमचा. आणि हा सगळा जोड स्टॉकला, म्हणजे रायफलीच्या लाकडी अंगाला, धरून ठेवणारा मुख्य स्क्रू एकच, रिसीव्हरच्या पुढच्या बाजूला. त्यामुळे घरच्या घरी बॅरल बदलणं सोपं, म्हणूनच लोक बदलतात.

आमच्या रेंजवर महिन्यातून एकदा ५० यार्डांची स्पर्धा असते, बेंचवर बसून, पुढे सँडबॅग किंवा बायपॉड म्हणजे दोन पायांचा टेकू. तिथे जाड बॅरलवाल्यांचे ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्यांच्या भोकांचे पुंजके, बघून अप्पांनीही १८ इंच लांबीची, सगळीकडे सारख्याच जाडीची ०.९२० इंची म्हणजे २३.४ मिमी व्यासाची पोलादी बॅरल मागवली. मूळची अख्खी रायफल ५ पाउंडांची, सव्वादोन किलो, आणि ही नवी बॅरल एकटीच ३.२ पाउंड म्हणजे जवळपास दीड किलो. सोबत अक्रोडाच्या लाकडाचा एक जुना स्टॉक घेतला, पुढे बॅरलला बांधणारा बँड नसलेला, पण पन्हळ मात्र जुन्या निमुळत्या बॅरलच्या मापाची. पन्हळ म्हणजे स्टॉकच्या पुढच्या भागात बॅरल बसायला जी अर्धगोल खाच असते ती, इथे चॅनल म्हणतात, पण माझे वडील इचलकरंजीला सुतारकाम करायचे आणि असली खाच दिसली की माझ्या तोंडात पन्हळ हाच शब्द येतो.

जानेवारी २०२५, पहिलं बसवणं

अप्पांनी विचारलं, "अरे, तुझ्याकडं हत्यारं हायत, आपण दोघं करू की." मी हो म्हणालो. उद्देश साधा होता, की रिसीव्हरच्या पुढे बॅरल कुठेही लाकडाला लागता कामा नये, यालाच फ्री फ्लोट म्हणतात. गोळी सुटते तेव्हा बॅरल थरथरते, आणि गोळी बॅरलमधून बाहेर पडायच्या त्या दोनेक मिलीसेकंदात ही थरथर दर वेळी सारखी असली तर गोळ्या एकाच जागी पडतात. लाकूड मध्येच कुठेतरी टेकत असेल, आणि आज टेकतंय उद्या नाही असं असेल, तर थरथर बदलते आणि गोळीची जागाही बदलते. बॅरल टेकते की नाही यापेक्षा ती दर वेळी सारखी टेकते का, हा खरा प्रश्न आहे. पण हे मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

आम्ही पाऊण इंचाहून जरा जाड, ७/८ इंची म्हणजे २२.२ मिमीचा गोल लाकडी दांडा घेतला, त्याला ८० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळला आणि पन्हळ घासत गेलो. कागदासकट दांडा २३ मिमीच्या आसपास, हाताच्या हालचालीने पन्हळ अजून थोडी रुंद झाली, आणि बॅरल बसवल्यावर दोन्ही बाजूंना साधारण ०.१५ ते ०.२ मिमी फट राहिली. डॉलरची नोट ०.११ मिमी जाड असते. नोट बॅरलखालून घालून टोकापासून रिसीव्हरपर्यंत ओढत नेली, कुठेही अडली नाही. अप्पा खूश झाले, मी त्यांच्याहून जास्त.

इथे पहिला निर्णय झाला आणि तो निर्णय आहे हेसुद्धा आमच्या लक्षात आलं नाही. एवढी बारीक फट आम्ही मुद्दाम ठेवली, कारण दिसायला सुंदर. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाला फट दिसली की काम कच्चं वाटतं, चौकटीचा सांधा असो की टेबलाचा पाय, जेवढा गच्च तेवढा चांगला हे डोक्यात बसलेलं असतं. इथे नेमकं उलटं पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट, पन्हळीला आतून काहीच लावलं नाही. बाहेरून स्टॉकला जुनं चांगलं फिनिश होतं, आतलं ताजं घासलेलं कोरं लाकूड तसंच ठेवलं. रात्रीचे दहा वाजून गेले होते, दुसऱ्या दिवशी रेंजवर जायचं होतं, आणि आत कोण बघतंय असं वाटलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रायफल छान चालली. ५० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप बहुतेक वेळा क्वार्टरच्या नाण्याखाली झाकला जायचा, म्हणजे २४ मिमीच्या आत. अप्पांच्या तीस वर्षं बंद असलेल्या हाताला हे पुष्कळ होतं.

अडचण

एप्रिलमध्ये अप्पांनी सँडबॅग सोडून बायपॉड घेतला आणि तो स्टॉकच्या पुढच्या टोकाला लावला. मेच्या मध्यापासून ग्रुप बिघडले, तेही विचित्र रीतीने. पाचपैकी तीन-चार गोळ्या नेहमीसारख्या आणि एकदोन उजवीकडे वर, घड्याळात एक-दीड वाजतो त्या दिशेला, कधी इंचभर कधी जास्त. पुढच्या ग्रुपला सगळं नीट. मग परत.

अशा वेळी माणूस आधी जे बदलायला सोपं त्यालाच दोष देतो. आम्ही काडतुसांना दिला, कारण पाचशेचा नवा खोका नुकताच फोडला होता. जुन्या खोक्यातली उरलेली शोधून चालवली, तेच. मग स्कोपच्या माउंटचे स्क्रू, मग व्ही-ब्लॉकचे दोन्ही स्क्रू, सगळे जागच्या जागी घट्ट. अप्पांना वाटायला लागलं की आपणच ट्रिगर झटकतोय. मला वाईट वाटलं ते याचं, कारण माणूस स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लागला की सराव करायलाच नको म्हणतो, आणि दोन शनिवार ते आलेच नाहीत. तिसऱ्या शनिवारी मी त्यांची रायफल स्वतः चालवली आणि मलाही तेच झालं. तेव्हा कुठे हाताचा विषय संपला.

स्टॉककडे आम्ही सगळ्यात शेवटी आलो, कारण जानेवारीत नोट फिरली होती ना! परत टेबलावर ठेवून नोट फिरवली. याही वेळी फिरली. टोकाजवळ जरा जड लागली पण फिरली.

खरं कारण कसं सापडलं

रायफल रिकामी केली, मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे ओढून अडकवला, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये बोट घालून बघितलं, आणि अप्पांना म्हटलं, "अप्पा, तुम्ही नेमबाजी करताना बसता तसेच बसा, बायपॉडवर नेहमीसारखा भार द्या, गाल टेकवा, आणि हलू नका." ते बसले. मी पुढून नोट घातली आणि मागे सरकवायला गेलो तर टोकापासून चार बोटांवर ती गच्च बसली. ओढली तर फाटेल अशी. अप्पांना म्हटलं आता उठा, ते उठले, आणि नोट सुटली.

टेबलावर ठेवलेल्या रायफलीत फट होती, माणूस मागे बसला की नव्हती. बायपॉड पुढच्या टोकाला, त्यावर माणूस मागून रेटतो, तो सगळा जोर स्टॉकच्या त्या बारीक टोकातून जातो आणि लाकूड वाकतं, ०.२ मिमी वाकायला असा कितीसा जोर लागतो.

पण बायपॉड काढून सँडबॅगवर चालवली तेव्हा त्रास कमी झाला, गेला नाही. म्हणून अजून खोलात जायचं ठरवलं. घरी देवापुढच्या समईवर एक जुनी स्टीलची ताटली धरून काजळी जमवली, त्यात तेलाचा एक थेंब टाकून बोटाने बॅरलच्या खालच्या अर्ध्या भागाला अगदी पातळ फासली. ही युक्ती माझी नाही, लाकडात धातू बसवणारे जुने कारागीर दिव्याची काजळीच वापरत आलेत, जिथे टेकतं तिथे काळा डाग उमटतो. रायफल जोडली, अप्पांनी पाच मिनिटं नेहमीसारखं बसून गोळी न भरता नुसते ट्रिगर ओढले, मग उघडली. पन्हळीच्या डाव्या भिंतीवर तर्जनीएवढा लांब काळा पट्टा, टोकापासून चार बोटांवर सुरू होणारा, आणि अगदी टोकाला तळाशी एक गव्हाच्या दाण्याएवढा ठिपका. डाग डावीकडे आणि तळाला, गोळ्या उजवीकडे आणि वर. तो पट्टा बघितल्यावर अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजी माझा हात बरा हाय तर."

तळाचा ठिपका बायपॉडचा. डावीकडचा पट्टा मात्र हवेचा होता. जानेवारीत आम्ही काम केलं तेव्हा थंडीची लाट आलेली, घरात हीटर चालू, हवा कोरडी. मेमध्ये ह्यूस्टनची हवा म्हणजे कोकणातला जून. रायफल गॅरेजमधल्या लोखंडी कपाटात कुलपात, तिथे एसी नाही. लाकूड दमट हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. अक्रोड ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रेषांच्या आडव्या दिशेला साडेपाच ते पावणेआठ टक्के आकसतो, लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही, आणि परत ओल धरली की त्याच हिशोबाने फुगतो. आमच्या स्टॉकमध्ये पुढच्या टोकाला रेषा सरळ नव्हत्या, तिरक्या बाहेर जात होत्या. बाहेरच्या बाजूला फिनिश, आतलं लाकूड कोरं, म्हणजे ओल आतूनच जास्त शिरणार. टोक उजवीकडे सरकलं आणि पन्हळीची डावी भिंत बॅरलला येऊन लागली. स्केल लावून बघितल्यावर सरकणं डोळ्यांना दिसत होतं.

कोणते पर्याय होते

अप्पांचा पहिला विचार होता की नवा स्टॉक घ्यावा, ०.९२० साठी तयार पन्हळ असलेले स्टॉक मिळतात, पातळ पट्ट्या चिकटवून केलेले किंवा प्लॅस्टिकचे, हवेने फारसे हलत नाहीत. हा पर्याय चांगलाच होता आणि आज कुणी मला विचारलं तर बहुतेक वेळा मी हाच सांगेन. पण अप्पांचा त्या अक्रोडावर जीव जडला होता, आणि लाकूड वाया गेलेलं नव्हतं, फक्त काम अर्धवट होतं.

दुसरा विचार एका वेगळ्याच दिशेने आला. रेंजवर एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ येतात, त्यांच्याकडे आपल्या इशापूरच्या कारखान्यातली २ए१ ही जुनी लष्करी रायफल आहे, ली-एन्फिल्डच्या घराण्यातली. ते म्हणाले की बॅरलला लाकूड लागू नये हे तुम्हाला कोणी शिकवलं, माझ्या रायफलीत तर पुढे स्प्रिंगवरचा एक खिळा मुद्दाम बॅरलला खालून वर दाबतो. आणि ते खरंच आहे. ली-एन्फिल्डच्या घराण्यात बॅरल पातळ, लाकूड टोकापर्यंत, आणि दाब ठरवून दिलेला. तिथे संपर्क हवाच असतो, पण तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोराचा. आमचा संपर्क हवामान आणि बायपॉड ठरवत होते. या माणसाच्या बोलण्यामुळेच पुढे बॅरलच्या मुळाशी टेकू देणाऱ्या पॅडचा विचार निघाला, त्यामुळे त्यांचे उपकार आहेत.

तिसरा पर्याय, पूर्ण पन्हळीत इपॉक्सी म्हणजे सुकून कडक होणारा गोंद भरून बॅरल टोकापर्यंत टेकवायची. हा लगेच सोडला, कारण लाकूड वळलं की बॅरललाही सोबत ओढणार.

उरलं ते, पन्हळ चांगली मोकळी करायची आणि आतून बंद करायची. यात दोन ठिकाणी खरंच विचार करावा लागला.

निर्णय पहिला, फट किती

भाराखाली टोक किती हलतं ते आधी मोजलं. अप्पांना बायपॉडवर बसवून टोकाशी फट मोजायचा फीलर गेज लावला तर भार दिल्यावर आणि काढल्यावर फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. हवेचं सरकणं वेगळं, तेही जवळजवळ तेवढंच धरलं. दोन्ही एकाच बाजूला आले तर एक मिमी लागणार, वर थोडी सूट. म्हणून १ इंची म्हणजे २५.४ मिमीचा दांडा, कागदासकट २६.२ च्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजूंना १.४ मिमी फट.

याची किंमतही होती. टोकाला स्टॉकची रुंदी ३८ मिमी, त्यातून २६.२ गेले की प्रत्येक भिंत सहा मिमीहून किंचित कमी. भिंत पातळ झाली की टोक अजून लवचीक, म्हणजे फट वाढवताना तुम्ही तिची गरजही वाढवताय. दोन मिमी फट हवी होती असं मला वाटत होतं, पण साडेपाच मिमीच्या खाली भिंत न्यायची नाही असं ठरवून तिथे थांबलो. शिवाय अप्पांना ती फट आवडत नव्हती, "लई मोठी दिसतीया," असं दोनतीनदा म्हणाले, मी काजळीचा पट्टा परत दाखवला.

निर्णय दुसरा, पूर्ण मोकळी की मुळाशी टेकू

१०/२२ ची जी खासियत सुरुवातीला सांगितली ती इथे आडवी येते. दीड किलोची बॅरल, तिचा गुरुत्वमध्य रिसीव्हरपासून नऊ इंच पुढे, आणि तिला धरून ठेवणारा एक छोटा व्ही-ब्लॉक ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरला. आट्यांची रायफल असती तर पूर्ण मोकळी ठेवली असती, पण इथे सगळा भार त्या जोडावर लोंबकळतो आणि बॅरलचं टोक खाली झुकायला बघतं. त्यात स्टॉकचा स्क्रू एकच आणि तोही पुढे.

एक साधी चाचणी केली, कुणालाही करता येईल. एक बोट बॅरल आणि स्टॉकच्या काठावर एकदम टेकवायचं आणि दुसऱ्या हाताने तो एकमेव स्क्रू ढिला करून परत आवळायचा. बोटाखाली काही हललं नाही तर जोड निवांत बसलाय. आमच्या इथे बॅरल चक्क खालीवर होत होती, अर्ध्या मिमीहून जास्त. म्हणजे स्क्रू आवळताना जोड वाकवूनच बसत होता.

म्हणून ठरवलं की रिसीव्हरच्या लगेच पुढे दीड इंच, साधारण ३८ मिमी, इपॉक्सीचं एक पॅड करायचं ज्यावर बॅरलचं मूळ टेकेल, आणि त्यापुढे टोकापर्यंत काही नाही. संपर्क आहे, पण जिथे लाकूड सगळ्यात जाड आणि स्क्रूच्या जवळ आहे तिथेच.

काम

तीन संध्याकाळी लागल्या. सेफ्टीचं बटण मधोमध ठेवल्याशिवाय रिसीव्हर स्टॉकमधून निघत नाही, जबरदस्ती केली तर लाकडाचा काठ उडतो, हे नवीन माणसाला माहीत नसतं म्हणून सांगितलं. पन्हळीच्या दोन्ही काठांवर मास्किंग टेप लावली आणि टेपवर पेन्सिलने रेघा मारल्या की इथपर्यंतच. तोंडाला मास्क, अक्रोडाचा भुसा नाकाडोळ्यांना चांगलाच झोंबतो. ८० नंबरने माप गाठलं, मग १५० आणि २२० ने गुळगुळीत. दर पन्नास फेऱ्यांनी दांडा उलटा फिरवायचा, नाहीतर हाताच्या सवयीने एक बाजू जास्त खाल्ली जाते, वडील रंधा मारताना फळी फिरवून घ्यायचे त्याची आठवण झाली. मुळाशी ३८ मिमीचा भाग वेगळा ठेवून तिथे पटाशीने दोन मिमी खोल ओबडधोबड खणलं, इपॉक्सीला धरायला.

इपॉक्सीचं काम मी सगळ्यात जास्त घाबरून केलं. ते ज्या पोकळीत शिरेल तिथे सुकून कुलूप होतं आणि मग रायफल स्टॉकमधून निघतच नाही. म्हणून व्ही-ब्लॉकची पोकळी आणि स्क्रूची भोकं मुलांच्या खेळण्यातल्या मातीने भरली, बॅरलच्या मुळाला आणि रिसीव्हरला मेणाचे दोन हात दिले, पॅड जिथे संपणार तिथे मातीचाच बांध घातला. बॅरलच्या टोकाला, पन्हळीत मधोमध राहावी म्हणून, टेपचे थर गुंडाळले, ते १.४ मिमीपर्यंत आणले. मग इपॉक्सी लावून जोड हळू खाली बसवला. स्क्रू आवळला नाही, नुसता टेकवला, कारण आवळला असता तर वाकलेल्या अवस्थेतच साचा उठला असता. चोवीस तासांनी काढताना हाताच्या तळव्याने बॅरलला खालून दोन हलके धक्के दिले, तिसऱ्याला टक असा आवाज आला आणि सुटली. अप्पांनी हात जोडले.

शेवटी आतलं लाकूड बंद केलं. तेल लावायचं की पॉलियुरेथेनचं वॉर्निश यावर अप्पांशी वाद झाला, त्यांना जवसाच्या तेलाचा रंग हवा होता. पण तेल पाण्याची वाफ फारशी अडवत नाही, दिसायला छान असलं तरी. तडजोड अशी की आत पन्हळीत, स्क्रूच्या भोकात आणि मागे खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटखालच्या उघड्या टोकाला पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात, बाहेर जुनंच फिनिश. मागचं ते टोक विसरू नये, लाकूड रेषांच्या टोकातून सगळ्यात जास्त ओल ओढतं.

परिणाम

बोटाची चाचणी परत केली, स्क्रू ढिला-घट्ट करताना काहीही हललं नाही. स्क्रू आता दर वेळी जोर मोजणाऱ्या ड्रायव्हरने १५ इंच-पाउंडांवरच आवळतो. अप्पा भार देऊन बसलेले असताना दोनदा घडी घातलेली नोट, म्हणजे चार पदर, टोकापासून पॅडपर्यंत फिरते. जूनच्या शेवटी, हवा तशीच दमट असताना, काजळी फासून बघितली, पॅडवर सगळीकडे सारखा काळा रंग आणि पुढे एकही डाग नाही.

रेंजवर त्या उडणाऱ्या गोळ्या थांबल्या. अप्पांचे बरेच ग्रुप आता डाइमच्या नाण्याखाली झाकले जातात, म्हणजे १८ मिमीच्या आत. बायपॉड टोकावरून काढून चार इंच मागे, लाकूड जाड असलेल्या जागी लावलाय. ऑगस्टच्या स्पर्धेला ते पंधरापैकी सहावे आले आणि त्यांनी टार्गेटचा कागद घरी फ्रिजवर लावलाय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं आणि सगळ्यात मोठं, नोट जानेवारीतच माणूस मागे बसवून फिरवायला हवी होती. पाच मिनिटांचं काम होतं. टेबलावरची चाचणी खोटी नव्हती, पण ज्या स्थितीत रायफल चालते त्या स्थितीतली नव्हती.

दुसरं, दुरुस्तीत आम्ही फट, पॅड, आतलं फिनिश आणि बायपॉडची जागा असे चार बदल एकदम केले. त्यामुळे डाइमएवढे ग्रुप कशामुळे आले ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डावीकडचा पट्टा मोकळ्या पन्हळीने गेला हे काजळी सांगते, तेवढं नक्की. पण जानेवारीच्या मूळ ग्रुपपेक्षाही ग्रुप लहान झाले ते पॅडमुळे, की दरम्यान अप्पांचा सराव वाढल्यामुळे? आधी फक्त पन्हळ मोकळी करून दोन आठवडे चालवायला हवी होती, मग पॅड. अप्पांची घाई होती, माझीही.

तिसरं, दोष शोधताना क्रम चुकला. काडतुसं आणि स्कोप यांच्यावर दोन-तीन शनिवार गेले, आणि अप्पा तेवढे दिवस स्वतःला दोष देत बसले. गोळ्या कायम एकाच दिशेला उडत होत्या ही खूण पहिल्या दिवसापासून कागदावर होती. दर वेळी तीच दिशा, यावरून तरी शंका यायला हवी होती. कागद नीट वाचला असता तर स्टॉक पहिल्याच आठवड्यात उघडला असता.

आणि लाकडाच्या रेषा. स्टॉक विकत घेतानाच पुढचं टोक उजेडात धरून रेषा कुठे जातात ते बघायला हवं होतं, वडील प्रत्येक फळीचं बघायचे. टोकाला रेषा तिरक्या असलेला स्टॉक मी जाड बॅरलसाठी आता घेणार नाही, कितीही सुंदर दिसला तरी.

पुढे

रायफल आता गॅरेजमधून घरातल्या कपाटात आली, कुलपासकट. टेपचा एक तुकडा पन्हळीच्या तळाशी चिकटवून त्यावर मी तारीख आणि दोन्ही बाजूंची फट लिहिलीय, दर दोन महिन्यांनी मोजायची. जूनमध्ये डावीकडे १.३ आणि उजवीकडे १.५ होती, ऑगस्टमध्येही तेवढीच. डिसेंबरात कोरडी हवा आली की परत मोजू, आणि अप्पा तयार असले तर पॅड खरवडून पूर्ण मोकळ्या बॅरलवर शंभर गोळ्या चालवून बघायच्या आहेत. ते अजून हो म्हणाले नाहीत.